‘मॅचिंग नंबर’चा भाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

‘नंबर ३२’ या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्नायपर रायफलीच्या दुर्बिणीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की ऐंशी वर्षांच्या वस्तूत भाग बदललेले असणारच. काच स्वच्छ आणि ब्रॅकेट (दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणारी पकड) पक्कं असलं की झालं, नंबरांचा बाऊ करून नवख्यांना कशाला घाबरवता.

भाग बदललेले असणार, हे कबूल. लष्करी वर्कशॉपात दुर्बीण बदलली की रायफलीच्या दस्त्यावरचा जुना नंबर रेघ मारून खोडायचे आणि नवा ठोकायचे. असा खोडलेला नंबर दिसला तर उलट भरवसा वाढतो. पुढं एल४२ए१ या नंतरच्या स्नायपर रायफलीसाठी मार्क ३ च्याच (मार्क म्हणजे दुर्बिणीची आवृत्ती) दुर्बिणी बदलून एल१ए१ केल्या, ड्रमवर (नेम जुळवायच्या फिरत्या चकतीवर) ७.६२ मिमी काडतुसाची खूण आणि मीटरमधली अंतरं आली. दुर्बिणीच्या एकाच नळीवर दोन नावं दिसली म्हणून दचकायचं कारण नाही. मात्र मीटरचा ड्रम असलेली नळी कुणी ‘१९४४ ची, जशीच्या तशी’ म्हणून विकत असेल, तर तिथंच थांबा.

माझं भांडण आहे ते ‘मॅचिंग’ (म्हणजे नंबर जुळणारे, मूळच्या एकाच संचातले भाग) या शब्दाशी, कारण भाव त्याच्यावर चढतो. ‘नंबर ३२’ जिच्यावर बसते त्या नंबर ४ (टी) रायफलीवर दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर, वरच्या अंगाला ठोकलेला असतो; ब्रॅकेटवर असतो तो रायफलीचा. म्हणजे दुर्बीण आणि ब्रॅकेटचं नातं रायफलीमार्फत जुळतं, थेट नाही. नुसती दुर्बीण-ब्रॅकेटची जोडी ‘मॅचिंग’ म्हणून विकणाऱ्याकडं दस्त्याचा आणि रायफलीच्या नंबराचा फोटो मागा. नसेल, तर दोन सुट्या वस्तूंचा भाव करा. पत्र्याच्या डब्यावर रंगानं लिहिलेला नंबर पुरावा धरू नका, ब्रश कुणाकडंही असतो.

आता ‘काच स्वच्छ’. माळेगावच्या जत्रेत रंगवलेली शिंगं बघून कुणी बैल घेत नाही, जबडा उघडून दात बघतात. इथले दात म्हणजे ड्रम. नळीवर मार्कसोबत भाग क्रमांक असतो : मार्क १ ला ओ.एस. ४६६ ए, मार्क २ ला १६५० ए, मार्क ३ ला २०३९ ए. मार्क १ चा अंतराचा ड्रम ५०-५० यार्डांच्या टकटकीनं फिरतो, आडव्या (डावी-उजवी जुळवायच्या) ड्रमची एक टकटक २ मिनिटांची. हे मिनिट वेळेचं नव्हे, कोनाचं; अंशाचा साठावा भाग. मार्क २ आणि ३ मध्ये दोन्हीकडं १ मिनिट. म्हणून फोटोवर न थांबता व्हिडिओ मागा आणि आवाज चालू ठेवून मोजा. मार्क १ मध्ये २०० वरून ३०० वर जाताना बरोबर दोन टकटक, ८०० वरून ९०० वर जातानाही दोनच. मार्क २ मध्ये अंतर वाढेल तशी दर शंभर यार्डांमागची संख्या वाढत जाते, कारण गोळी लांबवर झपाट्यानं खाली येते. नळीवर ४६६ ए आणि पुढं पुढं टकटक वाढत चाललीय, तर ड्रम दुसरीकडचा आहे. तो नेमका कुणी बदलला, वर्कशॉपानं की विक्रेत्यानं, हे फोटोवरून ठरत नाही. भाव मात्र खाली आलाच पाहिजे.

नंबर ठोकलेली जागा तिरप्या उजेडात बघा. जुन्या दस्त्यात अंकांच्या तळाशी तेल-मळ बसलेला असतो आणि कडा गोलावलेल्या असतात. ताज्या ठोक्यात लाकूड फिकं दिसतं, रेषा उसवलेल्या असतात. लोखंडावर अंकाच्या कडेला काळा रंग तडकून चमक दिसत असेल, तर अंक रंगानंतर आलाय.

ब्रॅकेटच्या टोप्याही (नळीवर वरून आवळायचे अर्धगोल भाग) तपासा. दुसऱ्या ब्रॅकेटची टोपी बसवली की दोन्ही बाजूंची फट सारखी राहत नाही, आणि तशीच आवळली तर नळी चिमटते. ‘पक्कं बसलंय’ म्हणता ते कधी कधी हेच असतं.

घाबरवण्याजोगी एकच गोष्ट आहे आणि ती मूळ लेखात राहून गेली, त्याबद्दल तुमचा राग रास्त. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये बंदुकीचे भागही येतात. परदेशातून काही मागवायच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत आणि कस्टम्सकडं लेखी विचारा, पैसे त्यानंतर पाठवा. लेखात ही ओळ आज सगळ्यात वर घातली आहे.