सहा दाती कॉम्प्युटर

ऐन लग्नसराईत माझा कॉम्प्युटर गेला. पुढ्यात आठ पत्रिका, त्यातल्या तीन अर्जंट, आणि एकीत 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिमुकल्यांची यादी रोज एकानं वाढत होती. बटण दाबलं की डबा तीनदा पीं-पीं-पीं करायचा आणि गप्प बसायचा. पडदा काळा.

परभणीत घरी बसून मी लग्नपत्रिका आणि शिकवणीवाल्यांच्या प्रश्नपत्रिका करून देते. सगळा माल श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. तीच फाईल फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या मशीनवर उघडली की नवरदेवाच्या नावाच्या जागी किडेमुंग्या दिसतात. त्यामुळं 'फोनवर करा की' असं म्हणणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही.

नवा घ्यायचा तर 45 हजार. पुण्याला कंपनीत असलेला पुतण्या म्हणाला, "काकू, उशीर केला तुम्ही. एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी, उचलली सगळी, भाव चढलेत." फोन स्पीकरवर होता. ओसरीवर बसलेल्या मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिथूनच विचारलं, "सोयाबीनला 5328 हमीभाव सरकारनं ठरवूनबी मिळंना, अन् ह्या रॅमला कोण हमी दिली व्हती?" पुतण्याला उत्तर सुचलं नाही. आमचे हे म्हणाले, "तुला पाहिजे तो घे." लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईला या वाक्याचा अर्थ कळतो. चुकला तर तुझा.

मग जुना घ्यायचं ठरलं. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून निघालेले डबे सिकंदराबादच्या बाजारात येतात आणि तिथून रेल्वेनं आमच्याकडं. मी रात्री दोन-दोनपर्यंत व्हिडिओ बघून जनरेशन म्हणजे प्रोसेसरची पिढी, सॉकेट म्हणजे तो बसायची जागा, एसएसडी म्हणजे न फिरणारी डिस्क, असे शब्द पाठ केले. सकाळी निघाले तर मामा धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून दारात तयार. "सेकंडहँड घ्यायचाय ना? मग मी येतो."

मामांनी आयुष्यभर बैल घेतले. माळेगावच्या यात्रेत त्यांना लोक पारख करायला बोलवून न्यायचे. चार वर्षांपूर्वी घरची शेवटची लाल कंधारी जोडी विकली, आता ट्रॅक्टर भाड्यानं सांगतो. तेव्हापासून घरात काहीही विकत आणलं, मिक्सर असो की कुकर, मामा आधी त्याच्याभोवती एक फेरी मारतात.

स्टेशन रोडच्या दुकानात त्यांनी तेच केलं. फेरी मारली, डब्यावर थाप मारली, वाकून मागची भोकं बघितली. डबा नुसता चकाचक.

"शिंगं साळून हिंगूळ लावलेला दिसतो," मामा म्हणाले. "कामाला कुठं व्हता?"

दुकानदार भाई हुशार. "पुण्याला, चाचा. हापिसात. नुसतं एक्सेल."

"म्हंजे छकड्याला. नांगराला नाही. मारका हाय का? मालकानं सोडला कामून?"

"कंपन्या दर तीन-चार वर्षांला बदलतेत, चाचा."

"मालकच उधळा," असा शेरा मारून मामा खाली बसले. "पिढी कितवी?"

"सिक्स्थ. सहावी."

"म्हंजे सहा दाती." मामांचा चेहरा खुलला. "चांगलं वय. अन् त्यो कोपऱ्यातला?"

"तो चौथी."

"चार दाती! मग त्यो जवान. त्योच घिऊ की."

"नाही चाचा, तो म्हातारा. 2013 चा. हा सहावा 2015 चा. आठवीचा पाहिजे तर तो 2017 चा, पण महाग."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला, की बैल उताराला लागला: दात मोजून वय ठरवायचा 60 वर्षांचा हा हिशेब एका दुकानात उलटा झाला होता. शेवटी म्हणाले, "म्हंजे दात येतील तसा ह्यो जवान व्हत जातो?"

"हौ, तसंच समजा."

"मंग विकायची घाई कशाला झाली त्यांना?"

मला विचाराल तर प्रश्न बिनतोड होता.

इथं मी माझं रात्रीचं ज्ञान काढलं. चौथीचा पाच हजार, सहावीचा साडेनऊ, आठवीचा सतरा. विंडोज 11 ला इंटेल प्रोसेसरची किमान आठवी पिढी लागते, आणि विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवले. म्हणजे सहावीचा घेतला तर काम करील, पण घराला कडी नसल्यासारखं. "बँकेचं त्यावर करू नका, काकू," पुतण्यानं बजावलं होतं. माझी बँक फोनमध्येच आहे, आणि पत्रिका चोरून कोण काय करणार? फार तर जेवायला येईल.

तरी एक डाव माझ्याकडं होता. "भाई, सहावीचा डबा घेते आणि पुढं त्यात आठवीचा प्रोसेसर टाकते. दोन्हींचं सॉकेट 1151 च की!"

भाईनं माझ्याकडं दयेनं बघितलं. "भाभी, बसतो. पण चालत नाही. बोर्ड वेगळा लागतो त्याला."

"जू तेच, पर खांदा येगळा," मामांनी मला समजावलं. दोन रात्रींचे व्हिडिओ पाण्यात गेले.

सहावीचा घ्यायचं ठरलं. त्यात आठ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. ती काढून एसएसडी टाकली की मिनिटाचं काम सेकंदात होतं, हे खरं आहे. जुन्या डब्यावर एकच खर्च करायचा तर हाच करावा, असं मीही सांगेन. दोन हजार. नंतर कळलं की वायफाय नाही. त्याचा डोंगल सहाशे. आणि माझा मॉनिटर जुन्या व्हीजीए वायरीचा, ह्या डब्याला मात्र नुसतं डिस्प्ले पोर्टचं भोक. कन्व्हर्टर साडेचारशे. मी पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर बेरीज करत होते. 'श्री गणेशाय नमः'च्या मागं 12,550 झाले तेव्हा पेन खाली ठेवलं.

"आणखी आठ जीबी रॅम टाकू?" भाईनं विचारलं आणि भाव सांगितला. मामांनी सोयाबीनचं पुन्हा काढायच्या आत मी नाही म्हणाले.

मग मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. भाईचा हात धरला, दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं आणि बैलबाजारात भाव करतात तशी आत बोटं दाबायला सुरुवात केली. भाई गोंधळला. "चाचा, तोंडानं सांगा की!" "तोंडानं सांगितलं तर सगळ्या बाजाराला कळतं." दुकानात आम्ही तिघंच होतो. पण दोन मिनिटांनी भाईला गंमत वाटू लागली असावी, कारण तोही आतून बोटं दाबू लागला. मला काहीच कळत नव्हतं आणि पैसे माझे जाणार होते. साडेअकरा हजारांना सौदा ठरला. कन्व्हर्टर वर फुकट.

डबा ऑटोतून घरी आला. सासूबाईंनी तांब्याभर पाणी ओवाळून टाकलं, हळदकुंकू लावलं. (पंख्याच्या जाळीत थोडं कुंकू गेलं, ते अजून उडतं.) संध्याकाळी भाईचा पोऱ्या जुन्या डब्यातला डेटा काढायला आला. बटण दाबलं. पीं-पीं-पीं.

"भाभी, घरात खोडरबर आहे का?"

माझ्या मुलीनं कंपासमधून पाच रुपयांचं खोडरबर दिलं. त्यानं डबा उघडला, रॅमची पट्टी उपटली, तिची सोनेरी कड चार वेळा खसाखसा घासली, फुंकर मारून परत बसवली. बटण दाबलं.

पडदा उजळला. श्रीलिपी, आठही पत्रिका, सगळे चिमुकले जागच्या जागी.

कोणी काही बोललं नाही. आमचे हे चपला शोधू लागले. "धूळ बसती भाभी, आपल्याकडं लई," पोऱ्या अपराध्यासारखा म्हणाला.

"नवा परत घेतील का?" मी विचारलं.

"परत?" मामा उठले. त्यांनी माझं शिलाई मशीन भिंतीकडं सरकवलं, जुना डबा उचलून नव्याच्या शेजारी ठेवला, चार पावलं मागं सरकले आणि दोघांना एका नजरेत बघत उभे राहिले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी उपरण्याचा पटका बांधला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "ह्यातला उजव्या अंगाला कोण चालतो?"