शिव्या त्यांच्या, आउट मी

दिवाळीत नाशिकला गेले होते. इंदिरानगरला बहिणीकडे रात्रीची जेवणं उरकली आणि भाची चार्जरला लावलेला मोबाइल आडवा धरून बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, खेळायला बसली. मी शेजारी, चकलीच्या डब्यासकट. पडद्यावर ती गवतात पालथी पडून होती. बराच वेळ कोणी दिसेना आणि मग झाडामागे दबा धरून बसलेल्या कुणीतरी तिला टिपलं. "कॅम्पर कुठला!" म्हणाली आणि हसली.

नॉक झालेल्याला, म्हणजे गोळी लागून पडलेल्याला, साथीदार येऊन उठवू शकतो, म्हणून तिने माइक सुरू केला. "भाई, रिव्हाइव दो." पलीकडून लगेच, "अरे, लडकी है!" एक जण आला, शेजारी उभा राहिला, पण उठवेना. आधी इन्स्टाची आयडी मागितली. ती गप्प राहिली तेव्हा जे सुरू झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोवर तिची हेल्थ संपली.

आवाज स्पीकरवर होता, त्यामुळे भावोजींनीही ऐकलं. "तरी सांगतो, बंद कर ते."

"बाबा, शिव्या त्यांनी दिल्या आणि आउट मी?"

भावोजींकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं.

आपल्याकडे या खेळांवर वाद कमी नाही. 2020 मध्ये पबजीवर बंदी आली, 2021 मध्ये बीजीएमआय आलं, तेही मध्ये काही महिने गायब होऊन 2023 मध्ये परतलं. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा झाला तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर "सुटलो, गेम बंद झाले" असे फटाके फुटले. बंद झाले होते पैसे लावून खेळायचे गेम. ई-स्पोर्ट्सला तर त्याच कायद्याने मान्यता दिली. पण कोण वाचतंय! वाद कायम एकच: पोरांनी खेळावं की नाही. डोळे, अभ्यास, पैसे. खेळताना एकमेकांशी वागायचं कसं, हा विषयच निघत नाही.

आणि हे आपल्याला नवीन थोडंच आहे? सिडकोच्या गल्लीत आम्ही रडीचा डाव खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घ्यायचो नाही. लहान भावंडाला लिंबूटिंबू म्हणून फुकट बॅटिंग मिळायची. झाडामागून टिपणं ही रडी नाही. दोन स्क्वॉड, म्हणजे संघ, भांडत असताना तिसऱ्याने येऊन दोघांना मारणं हीसुद्धा नाही, ती अक्कल झाली. पण आपल्याच साथीदाराला ती मुलगी आहे म्हणून पडू देणं म्हणजे डाव सोडून माणसावर जाणं. गल्लीत असल्या पोराचं नाव सगळ्यांना माहीत असायचं, त्याच्या आईचंसुद्धा. इथे तो दोन मिनिटांत नव्या मॅचमध्ये.

मी मेलबर्नला असते, त्यामुळे "तुमच्याकडे कसं छान असेल" हे ऐकावं लागतं. इथे ऑनलाइन सुरक्षेसाठी सरकारी ई-सेफ्टी कमिशनर आहे, 2015 पासून. मुलांच्या छळाची तक्रार तिथे करता येते, 2022 पासून मोठ्यांनाही, आणि गेममधल्या छळाचीही. आधी कंपनीकडे तक्रार करायची, तिने दाद दिली नाही तर मग त्यांच्याकडे. लेखी चॅटचा स्क्रीनशॉट असतो, तिथे याचा उपयोग होतो. माइकवरचं बोलणं मात्र हवेत विरतं. सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची बंदी डिसेंबर 2025 मध्ये लागू झाली, त्यातून ऑनलाइन गेम वगळले आहेत. दोन देश, दोन कायदे, आणि हा प्रश्न दोन्हींच्या फटीतून निसटलेला.

माझंही सांगते. ऑफिसच्या मंडळींबरोबर एक नेमबाजीचा गेम खेळत होते. माझे उच्चार ऐकून एका अनोळखी खेळाडूने मला माझ्या देशात परत पाठवलं. रिपोर्ट केला. काही दिवसांनी निरोप आला, "तुम्ही तक्रार केलेल्या एका खेळाडूवर कारवाई झाली आहे." कोणावर, काय, पत्ता नाही. तरी बरं वाटलं, हे कबूल. भाचीला एवढंही मिळालं नव्हतं. पण त्यानंतर मीही माइक बंदच ठेवते. म्हणजे शेवटी भावोजींचाच सल्ला पाळला की!

भाचीने मात्र पाळला नाही. तिने कॉलेजातल्या दोघींना जमवलंय. बीजीएमआय भारतापुरतंच, नाहीतर मलाही ओढलं असतं. चौथा कोणीतरी रँडम, अनोळखी येतो. तिघींचे माइक सुरूच असतात; त्याचा सुरू ठेवायचा की नाही, हे त्याच्या पहिल्या वाक्यावर ठरतं.