रॉड इव्हान्सचा गळा : धुळ्याच्या वाचकाला उत्तर

नमस्कार भाऊ,

‘डीप पर्पल’ या इंग्लंडच्या रॉक बँडचा पहिला गायक रॉड इव्हान्स याच्यावरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि त्यावर एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. दोन दिवस ती माझ्या मनात घोळत होती. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : इव्हान्स कामचलाऊ गायक होता, त्याच्या जागी इयान गिलन आला तेव्हा कुठे बँड खरा उभा राहिला. १९८० साली याच माणसाने बँडचं नाव लावून लोकांना फसवलं आणि मी ते दोन ओळींत उरकलं. आणि खान्देशात बसून विलायती गायकांची वकिली कशाला, इथल्या कलावंतांवर लिहा. मधेच तुम्ही अहिराणीत एक वाक्य टाकलंय, “त्याना गयामा दमच नही व्हता” (त्याच्या गळ्यात दमच नव्हता). त्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. माझं खरं भांडण त्याच्याशीच आहे.

मी अमळनेरकडच्या एका बँडमध्ये चार लग्नसराया साइड ड्रम वाजवलाय. मी लागलो तेव्हा क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, ढोल आणि हातगाडीवर एक कर्णा, एवढाच संसार होता. आमचा गायक खालच्या पट्टीचा. मे महिन्याच्या उन्हात वरातीपुढे चालताना तो जुनी गाणी अशी म्हणायचा की ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं उठून बाहेर यायची. दुसऱ्या वर्षी मालकाने पॅड घेतला, जनरेटर आला, गाडीवर मोठे स्पीकर चढले, गाणी नाचाची झाली. पॅडचे खालचे सूर आणि ढोल यांच्यात त्या गायकाचा आवाज बुडायला लागला. मालक ओरडायचा, “पट्टी चढव!” पट्टी चढवली की त्याचा गळा चिरायचा. पुढच्या सराईला त्याच्या जागी चोपड्याकडचा एक कोवळा पोरगा उभा होता, वरच्या पट्टीत खणखणीत गाणारा. पहिल्याच्या गळ्यातला दम कुठेही गेला नव्हता भाऊ. त्याच्या भोवतीचा आवाज बदलला होता, आणि तो बदल त्याला विचारून झाला नव्हता.

१९६८-६९ मध्ये इव्हान्सचं नेमकं हेच झालं. बँड उभा राहिला १९६८ मध्ये, इंग्लंडात हर्टफर्डच्या परिसरात. तेव्हा ‘हार्ड रॉक’ म्हणून आज आपण जे ओळखतो ते अजून घडायचं होतं. जॉन लॉर्डचा विजेवरचा हॅमंड ऑर्गन पुढे असायचा, गाण्यांतली बरीचशी दुसऱ्यांची. ती नव्याने बांधायची, लांबवायची, मधे ऑर्गन आणि गिटारला मोकळं रान द्यायचं, ही त्यांची पद्धत. अशा बांधणीला भरदार, मधल्या-खालच्या पट्टीचा, शब्द स्वच्छ टाकणारा गळाच लागतो. ‘हश’ हे अमेरिकन गीतकार जो साउथ याचं गाणं इव्हान्सच्या आवाजात अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. इंग्लंडात त्याला कुणी विचारलंही नाही, पण अमेरिकेचं दार उघडलं ते या गाण्याने. त्याच जोरावर १९६८ च्या शरद ऋतूत ते ‘क्रीम’ या गाजलेल्या बँडच्या निरोपाच्या दौऱ्यात त्यांच्याआधी वाजवायला उभे राहिले. पुढे १९८८ मध्ये, वीस वर्षं झाली म्हणून, गिलनच्या संचाने तेच ‘हश’ पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. कामचलाऊ माणसाचं गाणं कुणी वीस वर्षांनी पुन्हा उचलत नाही.

एक गोष्ट मी पहिल्या लेखात लिहायला हवी होती. इव्हान्स ‘द मेझ’ नावाच्या बँडमधून आला. आवाजाची चाचणी द्यायला येताना त्याने त्याच बँडचा ड्रमवाला सोबत आणला. तो इयान पेस. ‘डीप पर्पल’ची जोडणी किती वेळा मोडली आणि किती वेळा नव्याने झाली, पण प्रत्येक जोडणीत पेस आहेच. गिटार बदलली, ऑर्गन बदलला, गायक तर तीन-चार झाले. तुम्ही ज्या गिलनच्या काळाला खरा काळ म्हणता, त्याचा कणा असलेला हा ताल इव्हान्सच्या सोबतीने आला. शिवाय ‘मॅन्ड्रेक रूट’ या गाण्याच्या श्रेयात गिटारवाला रिची ब्लॅकमोर आणि लॉर्ड यांच्या जोडीला इव्हान्सचं नाव आहे, आणि गिलन आल्यावरही बँड ते गाणं मैफलीत लांबवून लांबवून वाजवत होता.

गिलन मोठा गायक आहे, त्याबद्दल आपल्या दोघांत दुमत नाही. पण तो मोठा ठरला ते कशामुळे, हेही बघा. ब्लॅकमोर आणि लॉर्ड यांना आवाज जाड आणि मोठा करायचा होता. लॉर्डने हॅमंड मार्शलच्या ॲम्प्लिफायरमधून वाजवायला घेतला, त्यामुळे ऑर्गन गिटारइतकाच खरखरीत आणि भारी झाला. मग खालची आणि मधली सगळी जागा त्या दोघांनीच व्यापली. माणसाच्या गळ्याला मोकळी जागा उरली ती वर. गिलनचा गळा त्या जागेत चिरत जातो, इव्हान्सचा जात नाही. ब्लॅकमोरने गायक बदलला तो हिशोब बरोबरच होता. मला खटकते ती पद्धत. १९६९ च्या जूनमध्ये गिलन आणि नवा बासवाला रॉजर ग्लोव्हर यांना घेऊन नवं गाणं ध्वनिमुद्रितही झालं, आणि तरी जुलैच्या सुरुवातीपर्यंत इव्हान्स आणि बास वाजवणारा निक सिम्पर बँडबरोबर जागोजागी कार्यक्रम करतच होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. आमच्या त्या गायकालाही बदली झाल्याचं कळलं ते लग्नघरच्या मांडवात, दुसऱ्याच्या अंगावर आपला गणवेश पाहून. मला ते दोन प्रसंग वेगळे काढता येत नाहीत.

आता दमाबद्दल शेवटचं. इव्हान्सचा पुढचा बँड ‘कॅप्टन बियॉन्ड’ ऐकलात का तुम्ही? १९७२ चा पहिला अल्बम. ड्रमवर बॉबी काल्डवेल, आणि ‘आयर्न बटरफ्लाय’ या अमेरिकन बँडमधले दोघे, लॅरी राइनहार्ट आणि ली डॉरमन. ताल सारखा पाय बदलतो, गाणं गाण्याला चिकटून पुढे सरकतं, मधे श्वास घ्यायला सवड नाही, आणि त्या सगळ्यावर इव्हान्स शांतपणे, न ओरडता गातो. ‘डान्सिंग मॅडली बॅकवर्ड्स’ सुरू झालं की पहिल्या मिनिटातच कळतं, याला मोठ्या आवाजातही जागा सापडली होती, फक्त ती ओरडण्याची नव्हती. तो अल्बम खपला नाही. १९७३ च्या दुसऱ्या अल्बमनंतर इव्हान्सने गाणं सोडलं आणि रुग्णालयात श्वसनोपचाराचं काम धरलं.

आणि १९८०. इथे तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकलो. तेव्हा ‘डीप पर्पल’ बंद पडून चार वर्षं झाली होती. एका कंपनीने इव्हान्सला गाठलं, भोवती नवी माणसं उभी केली आणि ‘डीप पर्पल’ याच नावाने मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडात कार्यक्रम लावले. त्या संचात ‘डीप पर्पल’मध्ये आधी असलेला माणूस एकटा इव्हान्स. लोक ब्लॅकमोर-लॉर्ड यांना ऐकायला तिकीट काढून आले आणि समोर भलतेच. लाँग बीचच्या कार्यक्रमाआधी तर खऱ्या बँडच्या बाजूने वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली की अमुक अमुक कलावंत यात नाहीत. ज्याने महिनाभराच्या कमाईतून तिकीट काढलं, त्याच्या जागी मी असतो तर मलाही राग आला असता. इव्हान्सचं नाव नसतं तर ते सोंग उभंच राहिलं नसतं, म्हणून जबाबदारी त्याचीही आहे. हे मी दोन ओळींत उरकायला नको होतं.

पण खऱ्या बँडच्या बाजूने यावर खटला झाला, त्याचं पुढे काय झालं तेही पाहू. न्यायालयाने ६,७२,००० डॉलर भरपाई ठरवली, आणि इव्हान्सचा पहिल्या तीन अल्बमच्या मानधनावरचा हक्क गेला. १९८० च्या लबाडीची शिक्षा १९६८-६९ च्या प्रामाणिक कामातून वसूल झाली. ‘हश’ गाताना त्याने कुणाला फसवलं नव्हतं. कायद्याने ते बसत असेल, मला ते अजून पचत नाही. त्यानंतर इव्हान्स लोकांसमोर आलेला नाही. २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने ‘डीप पर्पल’ला घेतलं तेव्हा मानकऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. तो आला नाही. सिम्परचं नाव तर यादीतच नव्हतं, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

इथल्या कलावंतांवर लिहा म्हणता, ते लिहितोच आहे आणि लिहीनही. पण माझ्या कानात हे दोन्ही एकत्रच आलंय. लहानपणी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये शेजारी एक अँग्लो-इंडियन म्हातारे इंजिन ड्रायव्हर राहायचे. रविवारी दुपारी त्यांच्या खिडकीतून ‘हश’ ऐकू यायचं, आणि त्याच गल्लीच्या टोकाला वराती वाजायच्या. यातलं आपलं कोणतं आणि परकं कोणतं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. बँडमध्ये गेल्यावर त्या उतरलेल्या गायकाला पाहिलं नसतं, तर इव्हान्सबद्दल मला काहीच वाटलं नसतं.

जुन्या लेखात आज १९८० चा पूर्ण परिच्छेद घातला आहे, आणि तो तुमच्या प्रतिक्रियेमुळे घातला असं तिथे लिहिलं आहे. पेसबद्दलची ओळही जोडली. तुम्ही आता ‘कॅप्टन बियॉन्ड’चा तो पहिला अल्बम एका बैठकीत ऐका, मधे न थांबवता. मग दमाबद्दल पुन्हा लिहा, अहिराणीतच लिहा. मी वाट पाहतो.