१ए निवडला, १ गळ्यात पडला

मी निवडला कोण? १ए. मग माझ्या नावावर १ का पळतोय?

अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतींवर कागदी पैज लावून अंदाज बांधायच्या स्पर्धा खेळणाऱ्याला विचारा. काही ठिकाणी मालक एक, घोडे दोन, १ आणि १ए, पण बेटिंगच्या हिशोबात नग एकच, म्हणजे एकच 'एंट्री'! तासन् तास मान मोडून जुन्या शर्यती चाळा, सहा फर्लांगाला (फर्लांग म्हणजे साधारण दोनशे मीटर) कोण टिकतं ते बघा, आणि शर्यत सुटायला दहा मिनिटं असताना १ए स्क्रॅच, म्हणजे शर्यतीतून बाहेर. ठीक आहे, पाय दुखला असेल बिचाऱ्याचा. पण बदली काय? त्याचा जोडीदार! ज्याला आणलंच होतं सुरुवातीला वेग लावून द्यायला. दोन फर्लांग वारा, पुढे नुसती धाप.

आणि शेजाऱ्याचा साधा ५ नंबर स्क्रॅच झाला, तर त्याला बदली म्हणून आयता फेव्हरिट, म्हणजे ज्यावर सर्वात जास्त पैसे लागलेत तो घोडा! मला का नाही? तर म्हणे, 'तुमची एंट्री अजून धावतेय.' धावतेय? अहो, रांगतेय ती!

बेटिंगच्या खिडकीवर खरे पैसे लावले तर हा नियम एक वेळ समजू शकतो. इथे दोन डॉलरची विन-प्लेस (घोडा पहिला किंवा पहिल्या दोघांत येईल अशी पैज) कागदावरचीच ना? मग कुणाच्या खिशाला चाट बसते? त्यात प्रत्येक स्पर्धेचं शास्त्र वेगळं: कुठे फेव्हरिट, कुठे आधी लिहून दिलेला पर्यायी घोडा, कुठे थेट भोपळा. उरलेला घोडा फक्त बक्षिसापुरता, बेटिंगशिवाय पळवला, तर बघायलाच नको. तो जिंकला तरी बेटिंगच्या लेखी शर्यतीत नव्हताच!