माझ्या नावाने त्यांना नावं ठेवू नका

आमच्या एम.एस्सी.च्या ग्रुपवर तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या आंदोलनावरून जुंपली. रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरा, एवढीच त्यांची मागणी. त्यावर आमच्यातल्याच एकाने लिहिलं, "ज्यांच्यात धमक होती ते बाहेर जाऊन प्रोफेसर झाले. आपल्याच बॅचमध्ये उदाहरण आहे. उरलेले रडतायत." उदाहरण म्हणजे मी. खाली पटापट अंगठे पडले.

मला त्याचा संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही.

मी जर्मनीत इनऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते. हवा लागली की बिघडणारी धातूंची संयुगं, आर्गॉन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये हाताळायची. या कामाला धमक लागते, आणि ती माझ्यात होती, हे मी नाकारत नाही. पण बाहेर जाणं म्हणजे गुणवत्तेची चाळणी, हे कुणी ठरवलं? इथे विद्यापीठातल्या संशोधकांच्या करारांबद्दल 2007 चा कायदा आहे. तात्पुरत्या करारावर साधारणपणे डॉक्टरेटआधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं. तेवढ्यात कुठून रुफ, म्हणजे प्रोफेसरपदाचं बोलावणं, आला नाही तर चाळिशीच्या आसपास विद्यापीठाबाहेर. शिवाय ज्या विद्यापीठात वाढलात तिथेच सहसा प्रोफेसर करत नाहीत, गाव बदलावंच लागतं. माझ्या सीव्हीतली गावं बघून पुण्यात लोक थक्क होतात. त्यातलं जवळजवळ प्रत्येक गाव म्हणजे संपलेला एक करार आहे. घर, मित्र, बोलीची लकब, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

2021 च्या जूनमध्ये या कायद्याचं कौतुक करणारा जर्मन शिक्षण-संशोधन मंत्रालयाचा एक जुना व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यातल्या संशोधिकेचं नाव हन्ना. लोक सतत बदलत राहिले की नवनिर्मिती होते, असा त्याचा सूर. त्यावर 'मीही हन्ना' म्हणत इथल्या करारी संशोधकांनी ट्विटर दणाणून सोडलं. आमच्या मेन्झातल्या, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीतल्या, कुठल्याही टेबलावर त्यांना 'उरलेले' म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणि हेही सांगते, हन्नाला महिन्याचा पगार, आरोग्यविमा आणि भरपगारी रजा असते. पुण्यात सेट-नेट, पीएच.डी. झालेल्या माणसाला जितके तास तितके पैसे. हे आपल्याला चालतं आणि वर आपण त्याची धमक काढतो.

मला निकेल शिकवलं ते लीव्ह व्हेकन्सीवरच्या, म्हणजे दुसऱ्याच्या रजेच्या जागी आलेल्या, मॅडमनी. डीएमजी (डायमिथिलग्लायॉक्झिम) घालून निकेल किती आहे ते मोजायचं, हे एस्टिमेशन केमिस्ट्रीच्या प्रत्येकाने केलेलं असतं आणि बहुतेकांनी घाईने. हिरवट द्रावण गरम करायचं, डीएमजी घालायचं, मग अमोनिया थेंब थेंब. मॅडम शेजारी उभ्या राहायच्या. हात जरा सैल पडला की "थांब" म्हणायच्या. भसकन ओतलं की अवक्षेप इतका बारीक पडतो की गाळता गाळता दिवस जातो. थेंबाने घातलं तर तांबडा, फुललेला, मऊ अवक्षेप खाली बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं. मग वॉटर बाथवर ठेवायचं, झाल्यासारखं वाटलं तरी ठेवायचं. आज माझ्या प्रयोगशाळेत हवेला नाजूक काही करताना विद्यार्थी घाई करायला लागले की मी त्यांना जर्मनमध्ये तेच सांगते. मॅडमना पुढच्या वर्षी त्या कॉलेजने घेतलं नाही. त्यांच्यात काय कमी होतं, हे मला ग्रुपवरच्या विद्वानांनी सांगावं.

'भारतात राहून काही होत नाही' हे नेहमीचं वाक्यही तसंच. दरवर्षी मी फळ्यावर रे-दत्त ट्विस्ट काढते. अष्टफलकी संयुग बंध न तोडता कसं पिळवटतं आणि त्याचं उजव्या हातासारखं रूप आरशातल्यासारखं डावं कसं होतं, याचा हा मार्ग. 1943 सालचा, कलकत्त्यात सुचलेला, भारतीय नियतकालिकात छापलेला. यातले रे म्हणजे प्रियदारंजन रे, ते युरोपात काम करून परतले होते. परतल्यावर त्यांना उभं राहायला जागा होती, हा मुद्दा आहे.

आणि पुणेकरांनी तरी हे विसरू नये. पाषाणला 1950 मध्ये एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, सुरू झाली तेव्हा पहिले संचालक मॅकबेन, दुसरे फिंच. दोघेही परदेशी, आणि फिंच तर 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूची उपकरणं घेऊन चढलेले. 1957 मध्ये वेंकटरामन आले, ते पहिले भारतीय संचालक. सरकारने इमारत दिली, उपकरणं दिली, पगारी पदं दिली, तेव्हा कुठे तिथे रसायनशास्त्र रुजलं.

मला हे इतकं का झोंबतं, तेही सांगते. पुण्यात व्याख्यानाला बोलावतात तेव्हा 'जर्मनीहून आलेल्या' म्हणून ओळख करून देतात. इथे मी 'भारतातून आलेली सहकारी'. 2024 पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व देते, पण भारताला ते मान्य नाही. मी भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही, म्हणून इथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येत नाही. पुण्यात द्यायचं तर स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं आणि सत्र चालू असताना ते जमत नाही. मी दोन्हीकडच्या विद्यापीठांबद्दल तावातावाने बोलते आणि दोन्हीकडे माझं मत मोजलं जात नाही. कॉलेजच्या त्या लॅबची मी आहे, एवढंच मला खात्रीने सांगता येतं. तिथल्याच माणसांविरुद्ध माझं नाव वापरलं तर मग मी कुठली उरले?

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. आंदोलकांच्या निवेदनाखाली माझं नाव हुद्द्यासकट घाला, असं आमच्यातल्या एका तासिकावालीला कळवलं आहे. तिने विचारलं, तुला चालेल ना? मी सही स्कॅन करून पाठवली.