डोकं तापलं, पोट गारच

माझं ऑफिस घरापासून साडेचार किलोमीटर. लोकांना हे भाग्य वाटतं. मलाही वाटायचं. मग एका रविवारी बाइकच्या ऑइलचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला पांढरट, चिकट साय धरलेली! मेकॅनिकने लांबूनच निदान केलं, ‘‘ऑइलात पाणी गेलंय.’’

आता माझी गाडी एअर-कूल्ड. तिला रेडिएटर नाही, वॉटर पंप नाही, पाण्याचा पाइप नाही. ज्या घरात नळच नाही तिथे गळती कुठली? नंतर कळलं, पाणी पेट्रोलचंच. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थोडं पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल असतं त्या भागात, उतरतं. ऑइल चांगलं तापलं तर तेही उडून जातं. नाही तापलं तर तिथेच मुक्काम ठोकतं.

पण इंजिन तर दोन मिनिटांत हात लावू देत नाही! खातरजमा करायला ऑइलच्या झाकणाच्या जागी बसणारा थर्मामीटर आणला, आणि तेव्हापासून माझं स्वास्थ्य गेलं.

पहिल्या सकाळी काटा २४ वर. गाडी सुरू करून चोक ओढून उभी ठेवली. पाच मिनिटांनी इंजिनाच्या वरच्या भागावर, हेडवर, पाण्याचे थेंब टाकले, चर्र वाजले. काटा? ३६! म्हणजे वर डोकं संतापलेलं आणि पोटात गारवा. पाण्यावर थंड होणाऱ्या गाड्यांचं बरं असतं. त्यांचा थर्मोस्टॅट इंजिन तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे फिरकूच देत नाही. आमच्या फिन्सना, म्हणजे इंजिनावरच्या वाऱ्याने गार होणाऱ्या पात्यांना, असं काही बटण नाही. वारा लागला की त्या कामाला लागल्याच, मग इंजिन तापलेलं असो की थंडीने कुडकुडत असो.

एवढ्यात वरच्या मजल्यावरून काका गरजले, ‘‘अरे, जायचं असेल तर जा, नाहीतर बंद कर! सगळा धूर घरात येतोय.’’

काकांचं बरोबर होतं, हे कबूल करायला मला आठवडा लागला. उभ्या गाडीत पेट्रोल जळतं किती आणि त्याची उष्णता ती किती? उलट चोकवर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धूत खाली ऑइलातच जातं. त्यापेक्षा अर्ध्या मिनिटात निघावं आणि सुरुवातीला पीळ न देता हळू चालवावं. पहिला गिअर पडताना खाडकन आवाज येतो, येऊ दे. क्लचच्या प्लेटा त्याच थंड, जाड ऑइलात एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात.

तरी ऑफिसच्या गेटवर काटा ५४! मला ऐंशी हवे होते. मग बायपासने जायला लागलो. सोळा किलोमीटर. सिग्नलला थांबलो की मान खाली घालून गुडघ्यापाशी बघायचं. एकदा शेजारच्या स्कूटरवाल्या बाईंनी काळजीने विचारलं, ‘‘दादा, काही पडलं का?’’ एकदा ७६ वर असताना पाऊस आला आणि डोळ्यांदेखत ६३ झाले. त्या दिवशी मला खरोखर जेवण गेलं नाही.

बायको म्हणाली, ‘‘अहो, ऑफिस जवळ पडतं म्हणून हे घर घेतलं होतं ना आपण?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकडे होते, पण ते तिने ऐकून घेतले नाहीत.

ऐकून घेतले ते काकांनी. सुरुवातीला टोमणा म्हणून विचारायचे, ‘‘काय, आला का ताप?’’ हल्ली संध्याकाळी गेटपाशीच उभे असतात. काल गाडी लावली तर चष्मा कपाळावर सरकवून वाकले.

‘‘सत्त्याहत्तर? परवा तर ब्याऐंशी होते.’’

‘‘समोरून वारा होता काका.’’

त्यांनी थोडा विचार केला. मग गेट पुन्हा उघडून धरलं.

‘‘बंद नको करूस. एक चक्कर मारून ये.’’