मुठी, साखळ्या आणि लाल ओठ

कुठल्याही कलाशिक्षकाने एकदा करून बघावं. वर्गाला 'बंड' हा विषय द्यायचा, अर्ध्या तासाने कागद गोळा करायचे. आवळलेली मूठ येणार. तुटलेली साखळी येणार. पिंजऱ्याचं उघडं दार आणि उडालेला पक्षी येणार. एका कागदावर सगळे मासे डावीकडे चाललेले आणि एकटाच लाल मासा उजवीकडे. विषय 'इच्छा' किंवा 'वासना' असेल तर लाल ओठ, अर्धं खाल्लेलं सफरचंद, ज्योतीवर झेपावणारा पतंग. वर्ग बदला, वर्ष बदला, चित्रं तीच.

यावर स्टाफरूममध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "हल्लीची मुलं विचारच करत नाहीत, पिंटरेस्ट उघडतात." मला हे पटत नाही. चित्रं शोधून देणारी ही साइट नव्हती तेव्हाही मूठच यायची. आपण मुलांना एक शब्द दिला आणि त्यांनी इमानेइतबारे त्या शब्दाला एक चित्र जोडून दिलं. विचारलं त्याचंच उत्तर मिळालं.

अमूर्त विषय देऊच नयेत, असं माझं म्हणणं नाही. उलट जरूर द्यावेत, शाळेतल्या मोठ्या मुलांनाही द्यावेत. फक्त विषय जाहीर केल्यावर पहिलं काम म्हणजे तो शब्द मुलांच्या हातातून काढून घेणं.

यात माझं स्वतःचं डोकं काही नाही. आपल्या जुन्या काव्यशास्त्राने हे केव्हाच सांगून ठेवलंय. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने रसदोष, म्हणजे कवितेतला रस बिघडवणारे दोष सांगितले, त्यात रसाचं किंवा भावाचं नाव सरळ उच्चारून टाकणं हाही एक दोष आहे. 'ती फार दुःखी झाली' असं लिहून दुःख वाचकापर्यंत पोचत नाही. ते कशामुळे झालं आणि अंगावर कसं दिसलं, हे आलं की पोचतं. 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरताच्या सूत्रातले विभाव (कारण) आणि अनुभाव (अंगावर दिसणारी खूण) ते हेच. कवितेतला हा दोष आपण चित्रकलेच्या वर्गात असाइनमेंट म्हणून देतो, वर सबमिशनची तारीखही लावतो!

वर्गात मी विभाव-अनुभाव वगैरे काढत नाही, मुलं पळून जातील. मी क्रियापदं मागते. बंड करणारा माणूस नेमकं करतो काय? जागेवरून उठत नाही. मुद्दाम उशिरा येतो. सही करत नाही. खोडतो. उलटं लावतो. हळू काम करतो. हसतो. आणि इच्छा असलेला माणूस? टक लावतो, साठवतो, लपवतो, हात पुढे करून मागे घेतो, परत परत त्याच जागेवरून जातो. फळा भरला की मूळ शब्द पुसायचा आणि प्रत्येकाने एक क्रियापद उचलायचं. 'बंड' रंगवणं अवघड आहे. 'सही न करणं' मात्र कागदावर आणता येतं, मातीत आणता येतं, व्हिडिओत तर सहज.

बंडाचा विषय निघाला की मी केथे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीची विणकरांची मालिका दाखवते. १८४४ मध्ये प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातले विणकर मालकांविरुद्ध उठले होते. त्यावर तिने १८९३ ते १८९७ या काळात सहा मुद्राचित्रं केली. त्यातलं पहिलं बघितलं की मुलं गोंधळतात. अंधारी खोली, माग, आजारी मूल आणि त्याच्यापाशी डोकं धरून बसलेली आई. दुसऱ्यात मृत्यू. तिसऱ्यात टेबलाभोवती वाकून कुजबुजणारी माणसं. म्हणजे निम्मी मालिका संपली तरी रस्त्यावर कोणी नाही. चौथ्यात ते चालू लागतात, पाचव्यात मालकाच्या फाटकाशी पोचतात आणि सहाव्यात प्रेतं घरात आणली जातात. 'बंड' हा शब्द ऐकून आपण जे चित्र काढलं असतं, ते या मालिकेत फार तर पाचवं आहे. आधीची चार नसती तर पाचव्याला वजन आलं नसतं, आणि सहावं नसतं तर ते पोस्टर झालं असतं. तिच्या सुवर्णपदकाची शिफारस १८९८ मध्ये झाली होती, जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याने ती फेटाळली. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोरच्या मूल्यमापनात, कमी मार्क पडलेल्यांना मी हा तपशील आवर्जून सांगते.

मालिका बघून झाली की मुलांना विचारायचं : तुझ्या कामातलं पहिलं चित्र कोणतं? सहावं कोणतं? कोणाविरुद्ध, कोणत्या नियमाविरुद्ध, आणि किंमत कोण मोजणार? 'समाजाविरुद्ध' हे उत्तर मी घेत नाही. समाज कुठे राहतो? त्याचा दरवाजा कुठला?

मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराच्या 'फाउंटन'ची गोष्टही याचसाठी सांगावी लागते. 'त्याने मुतारी ठेवली आणि कला झाली' एवढंच मुलांना माहीत असतं, आणि त्यातून 'काहीही ठेवा, बंड होतं' असा सोयीस्कर निष्कर्ष निघतो. खरी गंमत नियमात आहे. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कलाकार-संस्थेने आपल्या प्रदर्शनासाठी जाहीर केलं होतं की सहा डॉलर भरणाऱ्या कोणाचंही काम लावू, निवड समिती असणार नाही. द्युशाँ स्वतः संस्थेच्या संचालक मंडळावर. त्याने 'आर. मट' अशी सही करून ती वस्तू पाठवली, आणि 'कोणाचंही' म्हणणाऱ्या मंडळींनी ती लावली नाही. त्याने राजीनामा दिला. संस्थेने स्वतःच लिहिलेला एक नियम त्याने तपासून बघितला होता. दुसऱ्या कुठल्या प्रदर्शनात तीच वस्तू नुसता चावटपणा ठरली असती.

आता कोऱ्या कागदाबद्दल. दर बॅचला एकजण कोरा कागद आणून म्हणतोच, "मॅडम, काम न करणं हेच माझं बंड." बाकीचे टाळ्या वाजवतात. मी त्याला सांगते, मान्य, पण मग तो कोरा कागद तू प्रदर्शनात लावायचास, त्याच्याशेजारी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाशी बोलायचंस आणि शेवटपर्यंत हटायचं नाहीस. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी स्केचबुक घेऊन येतात. जो खरंच उभा राहील, त्याचे मार्क मी कापणार नाही. करणाऱ्याला ज्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही, त्याला मी बंड म्हणत नाही.

इथे एक विसंगती आहेच आणि ती झाकण्यात अर्थ नाही. बंड हा विषय आम्ही देणार, आकार आम्ही ठरवणार, मार्क आम्ही देणार. मुलांना हे कळत नाही असं समजू नका. म्हणून या एका प्रोजेक्टपुरती मी त्यांना सूचनापत्रकातली एक अट मोडायची मुभा देते. अट कोणती, हे त्यांनी ठरवायचं, पण मोडल्याशिवाय काम उभंच राहत नव्हतं हे दिसलं पाहिजे. आकाराची अट मोडायला सगळे धावतात. मला जास्त आवडला तो एक डावखुरा मुलगा. लहानपणी त्याला दटावून उजव्या हाताने लिहायला लावलं होतं. त्याने अक्षर गिरवायची वही घेतली आणि रोज डाव्या हाताने एक पान भरलं. पहिल्या पानावर कावळ्याचे पाय. मधल्या पानांवर अक्षरं उभी राहायला लागतात. शेवटच्या पानांवर वळणदार अक्षर. माध्यम होतं पेन्सिल आणि वही, आणि त्याने मोडलेली अट होती ती 'काम रंगीत असावं' ही. वहीत कुठेही मूठ नव्हती, राग तर नव्हताच. पण ती पानं उलटताना वर्गातल्या एकालाही विषय काय होता ते सांगावं लागलं नाही.

इच्छेचा विषय याहून नाजूक आहे, कारण तिथे शिक्षकालाच मोह होतो. मुलांनी मन मोकळं करावं, काहीतरी खोल, दुखरं बाहेर काढावं, म्हणजे काम 'दमदार' होईल. मला हे अजिबात आवडत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने आपली इच्छा भिंतीवर टांगावी आणि पाच परीक्षकांनी तिच्यावर टिप्पणी करावी, असा करार तिने केलेला नाही. इच्छा दुसऱ्याची बघता येते. काचेवर नाक टेकवलेली मुलं, लिफ्टच्या आरशात केस सारखे करणारी माणसं, फोन वाजेल म्हणून तो उलटा ठेवणारे हात. निरीक्षणाच्या वह्या भरायच्या. स्वतःचं काही घालायचं असेल तर घाल, कुठलं ते मला सांगू नकोस. लपायला जागा मिळाली की मुलं जास्त खरं काम करतात, हा माझा अनुभव.

इच्छेला लागतं अंतर. हातात आलेली वस्तू इच्छेच्या चित्रात फारशी कामाची नाही. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या कलाकाराने १९९१ मध्ये चकचकीत कागदातल्या खाऊच्या गोळ्यांचा ढीग एका कोपऱ्यात रचला. आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. बघणाऱ्याने गोळी उचलायची, खायची. ढीग कमी होतो, पुन्हा भरलाही जातो. हे त्याच्या जोडीदाराचं, रॉसचं व्यक्तिचित्र आहे. रॉस त्याच वर्षी एड्सने गेला होता. आधी तुम्हाला गोळी हवीशी वाटते, तोंडात गोडवा येतो आणि मग कळतं की आपण काय उचललं. इच्छेचं चित्र बघायला आलेला माणूस स्वतःच हात पुढे करतो. हे काम दाखवल्यावर वर्ग काही वेळ गप्प असतो, मग कोणीतरी विचारतं, "गोळी कुठल्या चवीची?" हा प्रश्न मला फार योग्य वाटतो.

यातूनच मांडणीचा मुद्दा निघतो, आणि आपल्याकडे मांडणी म्हणजे आदल्या संध्याकाळी डबल टेप घेऊन केलेली धावपळ. इच्छेवरचं काम हात पोचेल अशा उंचीवर आहे की चार बोटं वर, काचेमागे की उघडं, एका वेळी एकानेच बघायचं की घोळक्याने, यावर अर्धा अर्थ ठरतो. एका मुलीने ऑनलाइन कार्टमध्ये टाकलेली पण कधीच न घेतलेली प्रत्येक वस्तू लांबच लांब कागदावर मूळ आकारात पेन्सिलने काढली. वस्तू कार्टमधून काढून टाकली की चित्रातलीही खोडायची. शेवटी कागदावर रेषांपेक्षा खोडलेले डागच जास्त. ते तिने जमिनीवर पसरलं, त्यामुळे बघायला वाकावं लागायचं. भिंतीवर लावलं असतं तर ती नुसती यादी वाटली असती.

माध्यमाचंही तेच. तीन माध्यमांत एकच क्रियापद करून बघितल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही. मेरेट ओपेनहाइमने १९३६ मध्ये कपबशी आणि चमच्याला केसाळ कातडं चढवलं. बोट फिरवावंसं वाटतं आणि ओठ लावायच्या कल्पनेने शहारा येतो. हे ती कपबशी कॅनव्हासवर रंगवून झालं नसतं. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असताना, १९७० मध्ये, सिल्दो मेयरेलेसने कोका-कोलाच्या परत जाणाऱ्या बाटल्यांवर पांढऱ्या अक्षरांत राजकीय मजकूर छापला आणि बाटल्या पुन्हा वितरणात सोडल्या. रिकाम्या बाटलीवर तो जवळजवळ दिसायचा नाही, काळं पेय भरलं की उठून यायचा. कंपनीने स्वतःच भरायचं आणि स्वतःच पोचवायचं. चित्र वगैरे काढण्याची गरजच उरली नाही.

राहिली कॉन्सेप्ट नोट, म्हणजे कामाशेजारी लावायचा खुलासा. या प्रकाराने माझं रक्त आटवलंय. 'प्रस्तुत कलाकृती मानवी अस्तित्वाच्या अंतर्द्वंद्वाचा वेध घेते', खाली मूठ. पण नोटच नको असंही म्हणवत नाही, कारण राउशेनबर्ग या अमेरिकी कलाकाराची १९५३ मधली गोष्ट आडवी येते. विलेम डी कूनिंग हा तेव्हाचा मोठा चित्रकार. राउशेनबर्ग त्याच्याकडे गेला आणि खोडण्यासाठी एक रेखाचित्र मागितलं. डी कूनिंगनेही मुद्दाम खोडायला अवघड असं निवडून दिलं. मग घासून घासून जवळजवळ कोरा केलेला तो कागद राउशेनबर्गने सोनेरी चौकटीत बसवला आणि खाली पट्टीवर जॅस्पर जॉन्स या चित्रकार मित्राने शीर्षक, नाव, साल घातलं. ती पट्टी नसती तर कोणाला काही कळलं नसतं. म्हणजे मजकूर कामाचा भाग असू शकतो. पण पट्टीवर 'मी माझ्या पूर्वसूरींविरुद्ध बंड करत आहे' असं नाही. काय केलं तेवढंच आहे. त्या बंडात केवढा आदर आहे, हे आपलं आपल्याला कळतं. म्हणून नोट तीन वाक्यांची : काय घेतलं, त्याचं काय केलं, किती वेळ केलं. भाववाचक नाम आलं की नोट परत.

ज्युरीआधी एक चाचणी होते. शीर्षक झाकायचं आणि दुसऱ्या वर्गातल्या कोणाला तरी समोर उभं करायचं. तो 'बंड!' असं पटकन ओरडला तर मला काळजी वाटते, कारण त्याने ओळखलंय ते चिन्ह. "याला उठायचं नाहीये, पण कोणीतरी उठवतंय" असं काही म्हणाला, तर काम पुढे जाऊ दे. अजिबात काही कळलं नाही तर अर्थात परत स्केचबुक. दुर्बोध म्हणजे खोल असा एक समज कलाशाळांत टिकून आहे, त्याला मी माझ्या वर्गात तरी आश्रय देत नाही.

मूल्यमापन करताना टक्के कशाला किती, हा वाद आमच्यात दरवर्षी होतो. मी स्केचबुकला अंतिम कामाइतकेच मार्क देते आणि त्यातही टाकून दिलेल्या कल्पनांना जास्त. सहकाऱ्यांना ते लाड वाटतात, वाटोत.

पुढच्या सत्रासाठी 'मत्सर' घेतेय. जळतं काळीज आणि फणा काढलेला नाग आधीच बाद. माझ्याकडे आत्तापर्यंतची क्रियापदं आहेत : मोजणं, नक्कल करणं, नको इतकं कौतुक करणं, दुसऱ्याची पोस्ट बघून लाइक न करणं. वर्गात हा विषय घेतलेल्या शिक्षकांनी, आणि मत्सर केलेल्या बाकी सगळ्यांनी, आणखी सुचवा.